पिंपल्सची कॅप्सूल आणि तिची मुदत

जुलैत मुंबईच्या हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलं की त्यातून चालत घर गाठलेल्यांना पालिकेच्या दवाखान्यात डॉक्सिसायक्लिन देतात. १०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल, एकदाच. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरणाऱ्या जंतूंचा ताप (लेप्टोस्पायरोसिस), होऊ नये म्हणून. हीच कॅप्सूल, याच ताकदीची, त्याच परळ-दादरमधली कॉलेजची मुलंमुली रोज एक याप्रमाणे तीन-तीन महिने घेत असतात, पिंपल्ससाठी. घरात स्ट्रिप दिसली की आजी विचारते, ‘लेप्टोचं औषध तोंडावरच्या पुळ्यांना कशाला?’ प्रश्न रास्त आहे. एवढ्या साध्या दिसणाऱ्या त्रासासाठी ९० दिवस अँटिबायोटिक, म्हणजे दहाच्या नऊ स्ट्रिप, हे ऐकायलाच जड जातं.

उत्तरासाठी आधी पुळीच्या आत डोकवावं लागेल.

चेहरा, छाती, पाठ इथल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक तेलाची ग्रंथी असते. वयात येताना हार्मोन्स वाढतात आणि ग्रंथी जास्त तेल सोडते. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी गळून जायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. बूच बंद राहिलं तर पांढरा दाणा, उघडं राहिलं तर काळं टोक. हे काळं म्हणजे मळ नव्हे, त्वचेचंच रंगद्रव्य असतं. त्यामुळे स्क्रबने घासून काही हाती लागत नाही. बुचामागे हवा नाही आणि तेल भरपूर, अशा जागी क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू फोफावतो. (जुन्या पुस्तकांत आणि बऱ्याच प्रिस्क्रिप्शनवाल्यांच्या बोलण्यात तो अजून ‘पी. ॲक्नेस’च आहे, नाव २०१६ मध्ये बदललं.) हा जंतू बाहेरून आलेला नसतो, नितळ चेहऱ्यावरही तो असतोच. पण बुचामागे त्याची गर्दी झाली की शरीराची संरक्षक फौज तिकडे धावते, आणि जो लालपणा, ठणका, पू आपल्याला दिसतो तो बराचसा या फौजेच्या धुमश्चक्रीचा असतो.

म्हणजे तेल, बूच, जंतू आणि दाह अशा चार गोष्टी झाल्या. पोटात घ्यायचं अँटिबायोटिक यांतल्या शेवटच्या दोनांवरच चालतं. तेल कमी करत नाही, बूच काढत नाही. पुढचे जवळजवळ सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

डॉक्सिसायक्लिन ज्या टेट्रासायक्लिन घराण्यातलं आहे, त्यातलं पहिलं औषध १९४८ मध्ये लेडर्ली कंपनीत निघालं. तिथल्या संशोधन विभागाचे प्रमुख होते आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. डॉक्सिसायक्लिन १९६७ पासून वापरात आहे. पिंपल्ससाठी हे घराणं निवडण्याची कारणं दोन. एक, हे औषध तेलकट जागी चांगलं शिरतं, म्हणून ग्रंथीपर्यंत पोचतं. दोन, ते जंतूची प्रथिनं बनवण्याची यंत्रणा बंद पाडतंच, शिवाय दाहही थेट कमी करतं. पांढऱ्या पेशींची धावपळ आणि त्वचा खाणारी काही एन्झाइम्स यांना ते लगाम घालतं. हा दुसरा गुण इतका खरा आहे, की रोझेशिया नावाच्या चेहऱ्याच्या दुसऱ्या एका आजारात दिवसाला ४० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन सावकाश सुटेल अशा रूपात देतात, आणि त्या मात्रेत जंतू मरतही नाहीत. लेप्टोसाठी एकदाच दोन कॅप्सूल आणि पिंपल्ससाठी तीन महिने, या फरकाचं मूळ इथं आहे. तिथं जंतू रुजायच्या आत गाठायचा असतो, इथं सतत पेटत राहणारी आग दाबून ठेवायची असते.

कॅप्सूल कोणाला, कोणाला नाही

कपाळावर बारीक दाणे आणि नाकावर काळी टोकं एवढंच असेल तर अँटिबायोटिकचं तिथं काही कामच नाही, कारण तो सगळा बुचाचा मामला आहे. लाल, दुखऱ्या, पू धरणाऱ्या पुळ्या बऱ्याच असतील, पाठीवर-छातीवर पसरल्या असतील (स्वतःच्या पाठीवर मलम लावून बघा, हात पोचत नाही), किंवा खड्डे पडायला लागले असतील, तर कॅप्सूलचा विचार होतो. कडक, खोल गाठी आणि एकमेकींत मिसळलेल्या पुळ्या असतील तर अनेकदा कॅप्सूलवर महिने घालवण्यापेक्षा थेट आयसोट्रेटिनॉइनचं (‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीचं, तेलाची ग्रंथीच आवळणारं पोटात घ्यायचं औषध) बोलणं शहाणपणाचं ठरतं.

नेहमीची मात्रा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. काहींना ५० मिलिग्रॅम पुरतं. मिनोसायक्लिन हा त्याचा भाऊ. गुण फार जास्त नाहीत आणि खोड्या मात्र जास्त: चक्कर, लांब वापरात जुन्या व्रणांवर, हिरड्यांवर किंवा नडगीवर निळसर-करडा रंग, क्वचित यकृताला सूज किंवा ल्युपससारखी (शरीराची संरक्षक फौज स्वतःवरच उलटते त्या आजारासारखी) लक्षणं. म्हणून पहिली पसंती डॉक्सिसायक्लिनलाच असावी. ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम आठवड्यातून तीन दिवस, अशीही एक पद्धत आहे, आणि मुंबईत ती फार चालते, कारण लक्षात ठेवायला सोपी आणि पोटाला बरी. ती राखून ठेवावी. गरोदरपणात किंवा टेट्रासायक्लिन सोसत नसेल तेव्हा तिची खरी गरज पडते. शिवाय आपल्याकडे टायफॉइडला ॲझिथ्रोमायसिन लागतं. पुळ्यांसाठी ते महिनोन्‌महिने खाणं म्हणजे टायफॉइडसाठी लागणारी गंगाजळी गालावर उधळणं.

डॉक्सिसायक्लिन नकोच अशी माणसं: गरोदर बायका आणि गर्भधारणेचा विचार असलेल्या (पोटातल्या बाळाचे दात-हाडं घडत असताना हे औषध त्यांत बसतं), आठ वर्षांखालची मुलं (दात कायमचे पिवळे-तपकिरी होऊ शकतात), आणि आयसोट्रेटिनॉइन चालू असलेले. ही शेवटची जोडी धोक्याची आहे. दोन्ही औषधं स्वतंत्रपणे मेंदूभोवतीचा दाब वाढवू शकतात, एकत्र तर नकोतच. भलतीच जोरदार डोकेदुखी, डोळ्यांपुढे धूसर किंवा दोन-दोन दिसणं, कानात धकधक, असं काही झालं तर कॅप्सूल त्याच क्षणी थांबवून डॉक्टर गाठायचा. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जोरदार गोळ्याही या काळात बंद.

गिळायची कशी

सगळ्यात जास्त गडबड इथं होते आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही इथंच.

एक रात्र डोळ्यांपुढे आणा. विरार लोकलने साडेदहाला घरी, अकराला जेवण, साडेअकराला अंथरुणावर पाठ टेकता टेकता आठवतं: कॅप्सूल राहिली. उशाशी पाण्याची बाटली, एक घोट, कॅप्सूल आत, दिवा बंद. कॅप्सूल पोटात गेलेली नसते. ती छातीच्या मधोमध अन्ननलिकेच्या ओल्या भिंतीला चिकटते, जिलेटिनचं टरफल विरघळतं आणि आतली पावडर, जी चांगलीच आम्लधर्मी असते, तिथल्या तिथं भाजते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घास गिळताना छातीत सुरी फिरल्यासारखं दुखतं. पाणीसुद्धा जात नाही. घरच्यांना वाटतं हार्टचं काही, नाहीतर ॲसिडिटी. खरं तर अन्ननलिकेला जखम झालेली असते. कॅप्सूल थांबवली, आम्ल कमी करणारं औषध घेतलं की ती साधारण आठ-दहा दिवसांत भरते, पण ते दिवस वाईट जातात.

टाळायला अगदी सोपं आहे. एक पूर्ण पेला पाणी, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर. उभं राहून किंवा ताठ बसून. आधी एक घोट घेऊन घसा ओला करून. आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तास, आडवं व्हायचं नाही. नाश्त्यानंतर किंवा संध्याकाळच्या खाण्याबरोबर घेतली की प्रश्नच मिटतो. डबेवाल्याकडून आलेला डबा ऑफिसात एकला उघडत असाल तर ती वेळही उत्तम. दुपारी कोणी झोपत नाही. रिकाम्या पोटी मात्र मळमळतं. एकादशी किंवा नवरात्राच्या उपासाला ‘आज काहीच खाल्लं नाही’ म्हणून कॅप्सूल टाळू नका, साबुदाण्याच्या खिचडीवर घ्या. फक्त नुसत्या चहावर नको.

आता दूध. ‘अँटिबायोटिक उष्ण पडतं, दुधाबरोबर घे’ हा घरोघरचा सल्ला. टेट्रासायक्लिन कॅल्शियमला घट्ट धरतं आणि मग दोन्ही आतड्यातून शोषली न जाता बाहेर पडतात. जुन्या टेट्रासायक्लिनचं यात फार नुकसान व्हायचं. डॉक्सिसायक्लिनचं दुधामुळे सुमारे पाचवा भाग वाया जातो. त्यामुळे जेवणातल्या वाटीभर ताकाने आभाळ कोसळत नाही, पण पेलाभर दुधाबरोबर कॅप्सूल गिळणं टाळलेलं बरं. खरे शत्रू वेगळे आहेत: लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या, जस्त असलेल्या मल्टिव्हिटामिन, गुलाबी अँटासिड, आणि लोहभस्म किंवा शंखभस्म असलेली आयुर्वेदिक औषधं (शंखभस्म म्हणजे कॅल्शियमच). यांच्यात आणि कॅप्सूलमध्ये किमान दोन-तीन तास हवेत. लोहाच्या बाबतीत अंतर जितकं जास्त तितकं चांगलं: कॅप्सूल सकाळी तर लोह रात्री. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोह चालू असलेल्या कॉलेजच्या मुली आपल्याकडे पुष्कळ. सकाळी दोन्ही गोळ्या एकाच घोटात, आणि दोन महिन्यांनी ‘या औषधाने काही फरकच नाही’, ही तक्रार त्यांच्याकडून हमखास येते. औषधाचा दोष नसतो.

एखादा दिवस चुकला तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम नको.

आणि ऊन. डॉक्सिसायक्लिन चालू असताना त्वचा उन्हाला लवकर भाजते. रविवारी सकाळी आझाद मैदानावर किंवा शिवाजी पार्कला पाच-सहा तास फील्डिंग करणाऱ्याचं नाक, कानाच्या पाळ्या आणि हाताच्या मागची बाजू लालबुंद होते. कधी नखं पुढून सुटायला लागतात. मात्रा जास्त तेवढा त्रास जास्त. एसपीएफ ३० किंवा वरचं, यूव्हीए (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) अडवणारं, जेल प्रकारचं सनस्क्रीन घ्यावं. चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि घामाने गेलं की परत. टॅक्सीच्या बंद काचेतूनही यूव्हीए आत येतो, तेव्हा ‘मी उन्हात जातच नाही’ यावर फार विसंबू नये.

जोडीचं मलम

कॅप्सूल बूच काढत नाही, हे वर आलंच. ते काम मलमाचं, म्हणून मलम पहिल्या दिवसापासून. नुसती कॅप्सूल लिहून दिलेलं प्रिस्क्रिप्शन अर्धवट आहे, असं बेलाशक म्हणावं.

रात्री ॲडापलिन ०.१ टक्का जेल: वाटाण्याएवढं, संपूर्ण चेहऱ्याला. पुळीवर ठिपका ठेवून उपयोग नाही, कारण आज स्वच्छ दिसणाऱ्या जागी उद्याची बुचं तयार होत असतात. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, सुरुवातीला एक दिवसाआड, वर साधं मॉइश्चरायझर. पहिले दोन-चार आठवडे साल निघते, चुरचुरतं, कधी पुळ्या थोड्या उसळतात. इथंच बरेच लोक सोडतात. गरोदरपणात तेही बंद.

सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड. हे अँटिबायोटिक नाही. ऑक्सिजनच्या माऱ्याने जंतू मारतं, आणि त्याला जंतू सरावत नाहीत. पोटातून अँटिबायोटिक चालू असताना प्रतिकार करणारे जंतू शिल्लक राहू नयेत, यासाठी त्याची खास गरज. २.५ टक्क्याचं ५ किंवा १० टक्क्यांइतकंच चालतं आणि त्वचेला कमी झोंबतं. पाठीसाठी याचाच वॉश मिळतो, दोन-तीन मिनिटं ठेवून धुवायचा. एक सूचना: रंगीत टॉवेल, उशीचे अभ्रे आणि कुर्त्याची कॉलर यांचे रंग ते उडवतं. पांढरा टॉवेल वापरा.

क्लिंडामायसिनचं जेल मात्र कॅप्सूलच्या जोडीला नको. बाहेरूनही अँटिबायोटिक, आतूनही अँटिबायोटिक, फायदा वाढत नाही आणि जंतूंना दुहेरी शिकवणी मिळते.

तीन महिनेच का

पहिले दोन-तीन आठवडे आरशात काहीच बदलत नाही. डोळ्यांना न दिसणारं बूच पुळी होऊन वर यायला काही आठवडे लागतात. म्हणजे आज उगवलेली पुळी तुम्ही कॅप्सूल सुरू करायच्या आधीच पेरली गेलेली असते. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात नव्या पुळ्या कमी होतात. सहा-आठ आठवड्यांनी एकदा दाखवायचं, बारा आठवड्यांनी हिशेब करायचा. तोवर बरं वाटलं तर कॅप्सूल बंद, मलम चालू. क्वचित महिनाभर वाढवतात. बंद करताना मात्रा हळूहळू उतरवायची गरज नसते.

कॅप्सूल म्हणजे तीन महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर आलेला भाडेकरू. घर मलमाने सांभाळायचं. मुदत का पाळायची, तर औषध पोटातून जातं आणि फक्त गालावर थांबत नाही. आतडं, घसा, नाक, त्वचा, सगळीकडच्या जंतूंना त्याची सवय होते. मग पुढे खरंच गरज लागेल तेव्हा औषध कमी पडतं. लांबलेल्या वापरात आणखी एक खोडी: नाकाजवळ, हनुवटीवर अचानक पिवळ्या डोक्यांच्या पुळ्यांचा घोळका येतो. तो दुसऱ्याच, ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचा असतो, आणि त्यावर तेच औषध वाढवणं म्हणजे आगीत तेल. बायकांना योनीमार्गात बुरशीची खाज-स्राव होऊ शकतो; लाजून सहन करू नका, साधा उपाय असतो. पाण्यासारखे किंवा रक्ताचे जुलाब, तोंडात फोडांसह अंगभर पुरळ, डोळे पिवळे, यांपैकी काही झालं तर थांबून दाखवा. गर्भनिरोधक गोळीचा परिणाम या अँटिबायोटिकने जात नाही, मात्र उलट्या-जुलाब झाले तर त्या दिवसांत दुसरी काळजी घ्या.

तीन महिन्यांनंतरही कॅप्सूल चालू राहण्याचं सगळ्यात हास्यास्पद कारण म्हणजे डाग. आपल्या वर्णाच्या त्वचेवर पुळी गेली तरी तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतो. आरशात दूरून सगळं सारखंच दिसतं. बोट फिरवून बघा: उंचवटा लागला तर पुळी, सपाट लागलं तर डाग. डागावर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. तिथं ॲडापलिन, सनस्क्रीन आणि वेळ. खड्ड्यांवरही नाही.

गुण येत नसेल तर आधी ती पिंपल्सच आहेत का ते तपासावं. कपाळाची केसांची रेघ, छाती, पाठ यांवर एकसारखे बारीक दाणे, खाज सुटते, घामात वाढतात, काळं टोक कुठंच नाही: ही बहुधा मॅलसेझिया नावाची बुरशी. मुंबईच्या दमट हवेत ती पुष्कळ दिसते आणि अँटिबायोटिकने उलट वाढते. पाळी अनियमित, हनुवटीवर केस, जबड्याच्या रेषेवर गाठी: पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी. आणि ‘गोरं करणारी’ ट्यूब महिनोन्‌महिने लावली असेल, जिच्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं, तर लपवू नका, रिकामी ट्यूब डॉक्टरांना दाखवा.

पावसाळ्यातला प्रश्न शेवटी परत येतो. रोजची १०० मिलिग्रॅम चालू असताना साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर? लेप्टोचा हिशेब वेगळा असतो. पायाला जखम आहे का, पाण्यात किती वेळ होता, यावर मात्रा ठरते. ‘चालूच आहे की’ म्हणून गप्प बसू नका आणि मनाने दोन जास्तही घेऊ नका. जवळच्या ‘आपला दवाखाना’ या पालिकेच्या छोट्या दवाखान्यात किंवा पालिकेच्या रुग्णालयात जाऊन, स्ट्रिप दाखवून विचारा, ७२ तासांच्या आत. ताप आला तर त्याच दिवशी.

केमिस्टच्या काउंटरवर ही कॅप्सूल चिठ्ठीशिवाय मागू नये. स्ट्रिपवरची लाल रेघ त्यासाठीच आहे. कोर्स संपल्यावर चार-पाच उरल्या तर त्या फ्रिजवरच्या डब्यात धाकट्या बहिणीसाठी ठेवायच्या नाहीत. मुदत संपलेल्या जुन्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत, आणि दमट स्वयंपाकघरात औषध लवकर बिघडतं. स्ट्रिपमधून काढा, चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. मोरीत नको.